आज्जी-आजोबा रोज घालतील असं कानाचं मशीन कसं डिझाइन करायचं

सोलापुरात कुठल्याही पेठेत थोडं फिरलात तर कुणाच्या ना कुणाच्या घरात चष्म्याच्या जुन्या डबीत नाहीतर देवघराच्या फडताळात कानाचं मशीन पडलेलं सापडतंच. बिघडलेलं नसतं बरं का, नवा सेल घातला की बहुतेक वेळा लगेच चालू होतं, तरी ते कानात नसतं. पैसे हे मोठं कारण आहेच, पण ज्यांनी पदरचे पैसे घालून घेतलं किंवा ज्यांना शिबिरात फुकट मिळालं त्यांचंही तसंच पडून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटलंय की ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकतो त्यांच्यातले जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात.

मी फिटिंग आणि रिपेअरच्या टेबलावर बसणारा माणूस. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टसाठी येतात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत छोटं युनिट टाकू म्हणणारे येतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न चिप कुठली घ्यायची हाच असतो. चिप घ्या हो कुठलीही चांगली, त्याचंही सांगतो पुढं, पण त्याच्या आधी एक अट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: मशीन घालणं, काढणं, चालू ठेवणं आणि पुसणं ही चारही कामं सत्तर-ऐंशीच्या माणसाला एकट्याला, चष्म्याशिवाय, कुणाला हाक न मारता जमली पाहिजेत. यातलं एक जरी अडलं की सुनेला नाहीतर नातवाला बोलवावं लागतं, दोन-चार वेळा बोलवतात, मग संकोच वाटतो, मग "राहू दे, घरातच तर बसायचंय" म्हणून मशीन डबीत जातं. खालचं सगळं या एका अटीसाठीच लिहिलंय.

आधी माणूस बघा

आपल्याकडं पूर्व भागात साठीच्या पुढचे कित्येक जण असे आहेत की ज्यांचं अख्खं आयुष्य यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलं. चादर, टॉवेल, तीन पाळ्या, आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाजवळ तोंड नेऊन ओरडायचं. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. अशा आवाजानं आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं, आणि वयानंही वरच्याच पट्ट्या आधी जातात, म्हणजे एकाच जागेवर दोन मार. खालच्या पट्टीतले आ, ओ, ऊ हे स्वर त्यांना ठीक ऐकू येतात, पण स, श, फ, ख, थ असे हवेचे बारीक आवाज गळून पडतात. साठ म्हटलं तर आठ ऐकू येतं, सात म्हटलं तर हात. म्हणून ते म्हणतात, "ऐकू यायलंय की रं, पण काय म्हणायलेत तेच कळंना." हे वाक्य डिझायनरनं नीट ऐकलं पाहिजे कारण यात दुखणं काय आहे ते पूर्ण सांगितलंय: आवाज कमी पडत नाहीये, आवाजाचा एक तुकडा कमी पडतोय.

दुसरी गोष्ट, त्यांच्याशी हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि जरा मोठ्यानं बोललं तर "ओरडायला काय झालं" म्हणून चिडतात. घरच्यांना वाटतं मुद्दाम करतात. मुद्दाम नाही हो. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बाह्य केसपेशी असतात, बारीक आवाज मोठा करून देणं हे त्यांचं काम, त्या गेल्या की बारीक आवाज लागतच नाही पण मोठा आवाज मात्र पहिल्यासारखाच मोठा लागतो. म्हणजे ऐकू येण्याची पायरी वर सरकते आणि त्रास होण्याची पायरी तिथंच राहते, मधली जागा अरुंद होते. तुमचं सगळं साउंड डिझाइन त्या अरुंद जागेत बसवायचंय.

त्यामुळं ऑनलाइन जी स्वस्तातली आवाज वाढवायची यंत्रं मिळतात, जी सगळंच सरसकट वाढवतात, ती वृद्धांसाठी कॉपी करू नका. त्यात आवाज कुठवर वाढू द्यायचा याला नीट लगाम नसेल तर राहिलेलं ऐकणंही बिघडू शकतं.

आवाजाचं गणित

कॉम्प्रेशन हवंच, म्हणजे बारीक आवाज जास्त वाढवायचा आणि मोठा आवाज कमी वाढवायचा. उदाहरण म्हणून समजा, हळू बोलणं ५० डेसिबलचं, त्याला २५ डेसिबल वाढवून द्या, नेहमीच्या ६५ च्या बोलण्याला १५, आणि ८५ च्या पुढं जवळजवळ काहीच नाही. ही वाढ प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळी असणार. कुणाला किती द्यायची याचे तयार फॉर्म्युले आहेत, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचा एनएएल-एनएल२ सगळ्यात जास्त वापरात आहे, तिथून सुरुवात करा, स्वतःचा शोधत बसू नका. पण पहिल्याच दिवशी फॉर्म्युल्याची पूर्ण वाढ देऊ नका. दहा-पंधरा वर्षं ज्या माणसाला पंख्याची घरघर, पेपराची सळसळ, स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू आलेला नाही त्याला ते एकदम ऐकू आलं तर डोकं उठतं. कमी पासून सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वर जाणारी सेटिंग मशीनमध्येच ठेवा, आणि ही आपोआप वाढतेय हे घरच्यांना सांगा, नाहीतर ते मशीन बिघडलं म्हणून घेऊन येतात.

कॉम्प्रेशन पटापट वर-खाली करणारं ठेवायचं की संथ, यावर बराच वाद आहे, माझं मत संथाकडं आहे. वय झालेल्या माणसाला आवाजाचा चढउतार जितका मूळचा राहील तितकं बोलणं सोडवून घ्यायला बरं पडतं, फार झटपट उड्या मारणारं सेटिंग असलं की त्यांना सगळंच एका पातळीत आल्यासारखं वाटतं आणि थकवा येतो. पण अचानक आदळणाऱ्या आवाजासाठी वेगळा, एकदम पटकन लागणारा लगाम ठेवा. कुकरची शिट्टी आणि फरशीवर पडलेलं स्टीलचं पातेलं या दोन गोष्टींवर तुमचं मशीन तपासा. माझ्या अनुभवात आज्जींनी मशीन पहिल्यांदा काढून ठेवायची जागा म्हणजे स्वयंपाकघर.

चिपमधून आवाज बाहेर यायला लागणारा वेळ १० मिलिसेकंदांच्या आत ठेवा. कानाचा मार्ग थोडा उघडा असेल तर बाहेरचा आवाज थेटही आत जातो आणि मशीनमधूनही, दोन्हींत अंतर पडलं की स्वतःचा आवाज पोकळ, डब्यात बोलल्यासारखा लागतो.

स्वतःच्या आवाजाची तक्रार फार मोठी आहे, तिच्याकडं नीट बघा. कान पूर्ण बंद करणारा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, घातला की आपलं बोलणं आणि भाकरी चावल्याचा आवाज कानातच घुमतो. आपली कडक भाकरी आठवा, ती चावताना कान बंद असेल तर जेवताना मशीन काढलंच जाणार. उपाय म्हणजे मोल्डला हवा जायला भोक, म्हणजे व्हेंट. १ मिलिमीटरच्या भोकानं घुमणं फारसं कमी होत नाही, २-३ मिलिमीटरला गेलं की फरक कळतो. पण भोक मोठं केलं की आतला आवाज बाहेर येऊन परत माइकात शिरतो आणि शिट्टी वाजते. म्हणजे चांगलं फीडबॅक कॅन्सलेशन (शिट्टी दाबणारं सॉफ्टवेअर) आणि मोठा व्हेंट ही एकत्र विचार करायची गोष्ट आहे, एकानं सॉफ्टवेअर करायचं आणि दुसऱ्यानं मोल्ड, असं वाटून घेतलं तर दोन्ही फसतात. ज्यांच्या खालच्या पट्ट्या शाबूत आहेत त्यांचा कान शक्य तितका उघडा ठेवा.

शिट्टीबद्दल अजून एक. ती शिट्टी स्वतः आजोबांना बऱ्याचदा ऐकूच येत नाही, शेजारी बसलेल्यांना येते, आणि देवळात, लग्नात लोक वळून बघायला लागतात. त्या एका प्रसंगानंतर मशीन कायमचं सुटलेली माणसं मी बघितलीत.

हात, बोटं, नखं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं घालवला पाहिजे, आणि सगळ्यात कमी इथंच घालवला जातो.

विडी घरकुलातल्या एक आज्जी आमच्याकडं आल्या होत्या. आयुष्यभर विड्या वळलेली बोटं, तेंदूचं पान वळून दोरा मारायचं काम डोळे मिटून होईल असा हात. पण आता साखरेमुळं बोटांची टोकं बधिर. त्यांना सेल कसा बदलता ते करून दाखवा म्हटलं. त्यांनी बोट जिभेला लावलं, ओल्या टोकावर ३१२ नंबरचा सेल चिकटवून उचलला, मशीनचं दार उघडायला नख लावलं तर नख मऊ, ते दुमडलं, मग दातानं उघडलं, सेल उलटा बसला, दार लागेना म्हणून अंगठ्यानं जोरात दाबलं आणि बिजागरी कडकन तुटली. "माझ्यानं मोडलं की रं बाळा" म्हणून डोळ्यांत पाणी. त्यांनी काहीच मोडलं नव्हतं. सेल उलटा बसू देणारं आणि उलटा बसल्यावर जोर लावला की तुटणारं दार ज्यानं काढलं, चूक त्याची.

आता आकडे बघा. ३१२ चा व्यास ७.९ मिलिमीटर आणि जाडी ३.६. १३ नंबरचा व्यास तेवढाच, जाडी ५.४. ६७५ चा व्यास ११.६ आणि जाडी ५.४. १० नंबरचा तर ५.८ मिलिमीटरचा, तो वृद्धांसाठी विचारातच घेऊ नका. मशीन लहान दिसावं म्हणून ३१२ वर जायचा मोह होतो, पण बधिर बोटांना तो सेल आहे की पडला हेच कळत नाही. सेलवरच चालवायचं असेल तर १३ पेक्षा लहान सेलवर उतरू नका, ऐकणं खूपच कमी असेल तर ६७५. पाकिटांचे रंग जगभर ठरलेले आहेत, १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा, तोच रंग दाराच्या आतल्या बाजूला द्या म्हणजे दुकानात नंबर आठवायची गरज नाही, उघडून दाखवलं की झालं. दाराला नखासाठी खाच नको, बोटाचं पेर अडकेल असा उंचवटा द्या. सेलच्या खोबणीची घडण अशी करा की उलटा सेल आत जाणारच नाही. दाराच्या कडेला छोटा चुंबक मिळाला तर फारच छान, सेल आपोआप ओढला जातो.

या सेलांची अजून एक भानगड, ते हवेवर चालतात. मागचा स्टिकर काढला की आत हवा शिरते आणि सेल सुरू होतो, परत स्टिकर लावून काही उपयोग नसतो. काही जण सेलांचं पाकीट आणलं की सगळ्यांचे स्टिकर एकदमच काढून ठेवतात, आणि आठवड्यानं म्हणतात सेल खराब निघाले. पाकिटावर एका ओळीत, जाड मराठी अक्षरांत लिहा: लागेल तेव्हाच एक काढा, काढल्यावर थोडा वेळ थांबा आणि मग घाला. हे तीन-चार मिनिटं थांबणं कुणी सांगतच नाही, लगेच घातला की सेल पूर्ण ताकदीनं चालत नाही.

चार्जिंगवालं मशीन या सगळ्यातून सोडवतं, आणि बोटं बधिर असलेल्यांना मी तेच सुचवतो. पण चार्जरही त्याच बोटांनी वापरायचा असतो. मशीन कसंही टाकलं, आडवं, उलटं, तरी चुंबकानं ओढून बरोबर बसलं पाहिजे. चार्ज होतंय हे सांगणारा दिवा मोठा हवा, दोन मिलिमीटरचा हिरवा ठिपका मोतीबिंदूवाल्या डोळ्याला दिसत नाही. चार्जरमध्ये स्वतःची बॅटरी द्या, लाइट गेली तरी रात्रभर चार्जिंग झालं पाहिजे. आणि उन्हाळ्याचा विचार करा, लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं धरतात, मे महिन्यात आपल्याकडं दुपारी ४२-४३ सहज होतं आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. चार्जर गरम झाल्यावर गुपचूप बंद पडला तर सकाळी मशीन मेलेलं असतं आणि कारण कुणालाच कळत नाही. "थंड जागी ठेवा" असं त्यानं दिव्यानं, आवाजानं, कशानंही सांगावं.

डावं-उजवं ओळखायला उजव्याला लाल आणि डाव्याला निळा हा ठरलेला नियम आहे, पण तो रंग बहुतेक ठिकाणी बारीक टिंबात असतो. अख्खा मोल्ड नाहीतर अख्खी नळी रंगवा. आणि रंग न दिसणाऱ्यांसाठी उजव्यावर हाताला लागेल असा एक उंचवटा द्या.

आवाज कमी-जास्त करायला एकच बटण ठेवून "थोडं दाबलं तर वर, जास्त वेळ दाबलं तर प्रोग्रॅम बदलतो" असलं काही करू नका. वर-खाली हलणारी एक दांडी, बस. शिबिरात मिळणाऱ्या खिशातल्या मशीनला शिकलेली पोरं नाकं मुरडतात, पण किती आजोबा ते सोडायला तयार नसतात ते बघा आणि का ते समजून घ्या: हातात मावतं, चाक बोटानं फिरतं, पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आणि समोरचा हळू बोलला तर मशीनच त्याच्यासमोर धरता येतं. शर्टाला घासून खरखर होते, आवाज छातीवरून येतो, हे त्याचे दोष खरेच आहेत. पण हाताला सोपं कसं करायचं हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

घाम, तेल, धूळ, मळ

आयपी ६८ लिहिलेलं मशीन म्हणजे धुळीसाठी ६ आणि पाण्यासाठी ८, दोन्हीत वरचा दर्जा. चांगलंच आहे, पण ती पाण्याची चाचणी साध्या पाण्यात होते. आपल्या आज्जीच्या कानामागं साधं पाणी नसतं, खारट घाम असतो आणि केसांचं खोबरेल असतं. मीठ चार्जिंगचे टोक आणि सेलचे संपर्क खातं, तेल माइकाच्या जाळीवर बसून त्यात धूळ चिकटते. तुमच्या नमुन्याला मिठाच्या पाण्याचा आणि तेलाच्या बोटाचा मार देऊन बघा, रोज थोडा थोडा, काही आठवडे. माइकाची जाळी बोटानं बदलता येईल अशी करा.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते हवेवरचे सेलही आतून लवकर सुकतात, म्हणून पाकिटावर लिहिलेले दिवस आपल्याकडं मिळतीलच असं धरू नका आणि तसं कबूलही करू नका.

कानातला मळ हा तर रिपेअरचा मुख्य धंदा. ज्या मॉडेलमध्ये स्पीकर कानाच्या आत असतो त्यात टोकाला मळ अडवायची इवलीशी जाळी असते आणि ती एका काडीनं काढून दुसरी बसवायची असते. मलाच चष्मा लावून करावं लागतं, तिथं आजोबांना कसं जमणार. ज्यांना मळ जास्त होतो, हात थरथरतो, त्यांच्यासाठी कानामागचं मशीन, जाड नळी आणि मोल्ड हेच बरं, मोल्ड नळीसकट काढला की साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतो. नळी काही महिन्यांत पिवळी आणि कडक होते, ती नेहमीच्या मापाची ठेवा म्हणजे कुठलाही टेक्निशियन बदलू शकेल. फक्त तुमच्याच कंपनीची नळी बसेल असं करणं म्हणजे करमाळ्याच्या माणसाला एका नळीसाठी सोलापूरची फेरी मारायला लावणं.

घरातला खरा आवाज

शांत खोलीत मशीन छान चालतं, आणि घरी कूलर चालू असतो. कूलर, पंखा, टीव्ही, बाहेर रिक्षा, आणि त्यात नातू पाठीमागून बोलतो. दोन माइक लावून समोरचं जास्त ऐकायचं हे तंत्र जुनं आणि कामाचं आहे, आवाज कमी करणाऱ्या बाकी सॉफ्टवेअरनं त्रास कमी होतो पण शब्द कळण्यात तेवढा फरक पडत नाही, खरा फरक दोन माइकांनीच पडतो. फक्त ते "समोर" म्हणजे टेबलाच्या पलीकडं बसलेला माणूस असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडं पंगतीत शेजारी शेजारी बसून जेवतात, कट्ट्यावर सगळे एकाच दिशेला तोंड करून बोलतात, सून ओट्याकडं तोंड करून पाठमोरी बोलते. म्हणून फार टोकाचं अरुंद करू नका, आणि मागून बोलणं आलं तर आपोआप मोकळं होऊ द्या.

वारा हा वेगळा विषय. पंख्याखाली बसलं की दोन माइकांच्या तंत्रात वाऱ्याची घरघर उलट वाढते, कारण वाऱ्याचा आवाज दोन्ही माइकांवर वेगवेगळा उठतो, बोलण्याचा मात्र दोन्हीकडं जवळजवळ सारखाच येतो. ह्याच फरकावरून मशीनला वारा ओळखता येतो: दोन्हींचा मेळ बसत नाही असं दिसलं की एका माइकावर या आणि खालच्या पट्ट्या कमी करा. डोक्यावरचा पदर आणि टोपीची कड माइकावर घासते त्याचंही असंच, माइकाची भोकं कडेनं आत घेतलीत तर बरंच थांबतं. चष्म्याच्या दांडीला पण जागा सोडा.

आणि कितीही चांगला माइक केलात तरी अंतराचं गणित कुणाला चुकत नाही, बोलणारा निम्म्या अंतरावर आला की बोलणं सुमारे ६ डेसिबलनं वाढतं. म्हणून गळ्यात अडकवायचा छोटा वायरलेस माइक सोबत द्या, नातीच्या ओढणीला लावला की तिचा शब्द थेट कानात. कीर्तनाला गेले तर बुवांसमोर ठेवता येईल. तोही चार्जिंगला त्याच डबीत बसला पाहिजे, वेगळी वायर नको.

फोन आणि ॲप

आज्जीकडं बटणांचा फोन आहे. ब्लूटूथ, स्ट्रीमिंग सगळं द्या, पण ती फोन उचलून कानाला लावणार हे धरूनच चला. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वर असतो, म्हणून फोन थोडा वर सरकवून धरायचा, हे फिटिंगच्या वेळी चार वेळा करून घ्यावं लागतं. फोन जवळ आला की शिट्टी वाजू नये याची चाचणी वेगळी घ्या. टेलिकॉइल, म्हणजे फोनचा आवाज माइकाऐवजी चुंबकीय लहरींतून थेट घेणारी तारेची गुंडाळी, काढून टाकू नका.

जे काम फक्त ॲपमधूनच होतं असं एकही काम ठेवू नका. ॲप पुण्यात नोकरीला असलेल्या पोरासाठी ठीक आहे, बॅटरी किती, दिवसात किती तास घातलं ते बघायला, पण आईच्या कानातला आवाज तिकडून परस्पर बदलायचा नाही, तिला विचारून.

मशीनमधून येणाऱ्या सूचना. बॅटरी संपत आली की वाजणारा बीप तीन-चार हजार हर्ट्झवर असेल तर ज्याच्यासाठी आहे त्यालाच तो ऐकू येणार नाही. ५०० ते १००० च्या मधे ठेवा. आणि बोललेली सूचना इंग्रजीत कशाला, मराठीत द्या, पूर्व भागासाठी तेलुगूत, अक्कलकोटकडं कन्नडमध्ये, आणि उर्दूत. शब्द ओळखायची चाचणीसुद्धा ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेतच घ्या, तेलुगू बोलणाऱ्या आजोबांना मराठी शब्द देऊन मार्क कापू नका.

दिसणं

सगळ्यांनाच लपवायचं असतं असं धरू नका, विचारा. काहींना लपवायचं असतं, काही म्हणतात दिसू दे, म्हणजे लोक जरा नीट तोंडासमोर येऊन बोलतील. बाहेरून येणारा तो गुलाबीसर रंग आपल्या कातडीवर उलट उठून दिसतो, गव्हाळ, सावळा आणि पांढऱ्या केसांसाठी चंदेरी असे रंग ठेवा. कानात कुडी, बुगडी, वेल असतात, मशीन त्याला अडकतं का ते बघा. आणि राखाडी मशीन शहाबादी फरशीवर पडलं की चष्म्याशिवाय सापडतच नाही, म्हणून काढायची दोरी तरी भडक रंगाची हवी.

चाचणी कुणावर आणि कशी

मित्रांच्या कानात घालून बघू नका. ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच बसवा, आरसा न देता, चष्मा काढून, आणि काहीही न सांगता घालायला सांगा. तुम्ही हात पुढं करायचा नाही. कुठं थांबतात, कुठं दात लावतात, कुठं तुमच्याकडं बघतात ते लिहा.

मग कोझी नावाची पद्धत आहे ती वापरा, ऑस्ट्रेलियातच तयार झालेली: माणसाला त्याच्याच शब्दांत जास्तीत जास्त पाच प्रसंग सांगायला लावायचे जिथं त्याला ऐकू यायला हवंय, आणि मशीन दिल्यावर त्याच प्रसंगांत किती फरक पडला ते विचारायचं. "गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत नातवाची हाक", "सिद्धेश्वराच्या देवळात आरती", "रात्री दार वाजलेलं", "बँकेत काउंटरच्या काचेपलीकडची मॅडम", असे प्रसंग निघतात. यातला दाराचा प्रसंग कुठल्याही ऑडिओग्राममधून (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखातून) तुम्हाला दिसला नसता. शिवाय आयओआय-एचए नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिचा पहिलाच प्रश्न दिवसात किती तास वापरता हा आहे. मशीनमध्ये तासांची नोंद ठेवा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. माणूस आदरापोटी "छान चालतंय की" म्हणतो, नोंद अर्ध्या तासाची असते.

कानात किती आवाज पोचतोय ते पडद्याजवळ बारीक नळी घालून मोजता येतं, प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी असते त्यामुळं सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडू नका. हे मोजमाप आणि फिटिंग भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंद असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडूनच, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडूनच, करून घ्या. एका कानात अचानक कमी झालं, कान वाहतो, चक्कर येते असं कुणी सांगितलं तर मशीन बाजूला ठेवून आधी कानाच्या डॉक्टरकडं पाठवा.

किंमत आणि नंतरचं

राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, त्यात गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असेल तर, अशा वस्तूंसाठी ३००० रुपये एकदाच खात्यावर येतात. म्हणजे डिझाइन करताना फक्त मशीनची किंमत धरू नका, वर्षाचे सेल, नळ्या, डोम (कानात बसणारी मऊ टोपी), एक रिपेअर असं सगळं मिळून आकडा काढा आणि तो आधीच सांगा. एकदा मशीन मिळतं, पण सेलाचा खर्च दर महिन्याला कुणाच्या तरी खिशातून जातो, आणि म्हातारी माणसं तो पोराकडं मागायला लाजतात. जो सेल मोहोळ, बार्शी, सांगोल्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाही तो घेऊ नका.

मशीन दिल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा आणि मग महिन्यानं बोलवा, जमलं तर तुम्हीच घरी जा. घरी गेलात की मशीन रात्री कुठं ठेवतात ती जागा बघा, चार्जरला तिथं प्लग आहे का, उंदीर लागतात का, लहान मुलाच्या हाताला येतं का. बटण सेल गिळला तर फार धोक्याचं असतं, म्हणून सेलाच्या डबीचं झाकण लहान मुलाला उघडणार नाही पण आज्जीला उघडेल असं लागतं, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र बसवणं अवघड आहे, आम्ही अजून त्यावर खटपट करतोय. सध्या जे झाकण बरं वाटतंय ते दाबून सरकवायचं आहे, फिरवायचं नाही, कारण फिरवायला मनगट लागतं.